रॅडबर्नचा उजवा हात



अमेरिकेच्या न्यूयॉर्क संस्थानांत कूपरस्टाऊन नांवाचें एक लहानसें गांव आहे. बेसबॉल या खेळांत ज्यांनीं कीर्ति मिळविली त्यांचें एक स्मारकमंदिर तेथें उभारलेलें असून प्रत्येकाच्या नांवाचा धातूचा पट भिंतीवर बसविलेला आहे. १९३९ सालीं या मंदिरासाठीं चार्ल्स रॅडबर्न याची निवड झाली. त्याच्या पटावर असें कोरलें आहे कीं, १८८४ च्या हंगामांतील शेवटचे २७ सामने त्यानें एकट्यानें खेळविले व त्यांपैकीं २६ जिंकून दिले. हें विधान खरें नाहीं. इतकेंच काय, त्याच्या आडनांवाच्या शेवटीं मुळांत नसलेलें एक इंग्रजी अक्षरहि त्या पटावर घुसलें आहे. उभा जन्म वह्या तपासण्यांत घालविलेल्या माणसाच्या नजरेस अशा चुका आधीं दिसतात, त्याला इलाज नाहीं. मात्र खरी हकीकत पटावरच्या हकीकतीहून मोठी आहे, आणि तिच्या मुळाशीं एक करार आहे. तो करार कसा झाला व त्याची किंमत काय पडली, हें आज सांगावयाचें आहे.

हा खेळ आपल्याकडे रुजला नाहीं, म्हणून त्याच्या रीतीविषयीं दोन शब्द आधीं सांगितले पाहिजेत. क्रिकेटमध्यें गोलंदाज जें काम करतो तें बेसबॉलमध्यें 'पिचर' करतो. ('पिचर' म्हणजे घागर, असें मी मुलांना वर्षानुवर्षें शिकवीत आलों, येथें अर्थ चेंडू फेकणारा असा आहे.) त्याचा चेंडू जमिनीवर टप्पा न घेतां सरळ फलंदाजाकडे जातो, आणि षट्क संपून दुसऱ्यानें चेंडू हातीं घ्यावा अशी सोय तेथें नाहीं. एकेका पक्षांत नऊ खेळाडू, प्रत्येक पक्षाचे नऊ लहान डाव, आणि तीन गडी बाद झाले कीं एक डाव संपला. ज्या काळाविषयीं मी बोलत आहें त्या काळीं आरंभीं उभा राहिलेला पिचर बहुधा शेवटपर्यंत उभा असे. दुखापत झाल्याखेरीज बाहेरचा माणूस आंत घेतां येत नसे. फार तर मैदानांतल्याच दुसऱ्या गड्याशीं जागेची अदलाबदल करावयाची. पिचर व फलंदाज यांमधील अंतर १८८४ सालीं ५० फूट होतें. १८९३ पासून तें ६० फूट ६ इंच झालें. हात खांद्याच्या वर नेऊन फेकण्याची मोकळीक नॅशनल लीग या प्रमुख मंडळानें त्याच १८८४ सालीं प्रथम दिली. मैदानावरचे बहुतेक गडी उघड्या हातांनींच चेंडू अडवीत.

रॅडबर्नचा जन्म ११ डिसेंबर १८५४ रोजीं रोचेस्टर येथें झाला. आईबाप इंग्लंडांतून आलेले. बापाचा धंदा खाटकाचा. मुलगा लहान असतांनाच हें कुटुंब इलिनॉय संस्थानांत ब्लूमिंग्टन येथें जाऊन राहिलें. मुलानें बापाच्या धंद्यांत काम केलें, आगगाडीवर ब्रेक लावणाऱ्याची नोकरीहि केली. पुढें पैसे घेऊन खेळणाऱ्या संघांत तो दिसूं लागतो, १८७८ सालीं पिओरियास व १८७९ सालीं डुब्यूक येथें. १८८० सालीं बफलोच्या मोठ्या संघानें त्याला घेतलें. पण हात दुखावला व सहा सामन्यांतच त्याची रवानगी घरीं झाली. त्या सहांत पिचर म्हणून उभें राहण्याची संधीहि त्याला मिळाली नव्हती. दुसऱ्या वर्षीं ऱ्होड आयलंड या सर्वांत चिमुकल्या संस्थानांतील प्रॉव्हिडन्स शहराच्या संघानें त्याला बोलावलें, आणि तेथें त्याचें नशीब उघडलें.

त्याची फेक आंधळ्या जोराची नव्हती. कधीं खालून, कधीं बाजूनें, कधीं सावकाश, कधीं एकाएकीं वेगानें, असा तो फलंदाजास फसवी. १८८२ सालच्या ऑगस्टमध्यें डेट्रॉइटशीं झालेला एक सामना अठरा डाव चालला तरी एकहि धांव निघेना. त्या दिवशीं रॅडबर्न पिचर नव्हता, मैदानाच्या उजव्या टोकाला उभा होता; पिचर होता माँटगॉमेरी वॉर्ड नांवाचा तरुण. शेवटीं रॅडबर्ननेंच फटका मारून एकुलती एक धांव काढली व सामना संपविला. हा वॉर्ड पुढें कायद्याचा पदवीधर झाला. त्याचें नांव श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावें. या गोष्टींत तो पुन्हां येणार आहे. १८८३ सालीं रॅडबर्ननें ४८ सामने जिंकले, आणि एका सामन्यांत तर क्लीव्हलँडच्या एकाहि फलंदाजाला त्यानें यशस्वी फटका मारूं दिला नाहीं. लोक त्याला 'ओल्ड हॉस' म्हणूं लागले. हॉस हा घोडा या शब्दाचा खेडवळ उच्चार. ओझें वाहणारा जुना घोडा, असा त्या लाडक्या नांवाचा अर्थ, आणि त्यांत लाडाइतकीच मालकाची दृष्टीहि आहे.

मालक म्हणण्याचें कारण असें. उघडपणें पगार देऊन सारे खेळाडू बाळगणारा पहिला संघ १८६९ सालीं सिनसिनाटी येथें हॅरी राइट यानें उभा केला. हा राइट इंग्लंडांतील शेफील्डचा, एका पगारी क्रिकेटपटूचा मुलगा. १८८२ व १८८३ या दोन हंगामांत रॅडबर्न त्याच्याच हाताखालीं खेळला. १८७६ सालीं नॅशनल लीग निघाली व खेळाची सूत्रें क्लबांच्या मालकांकडे गेलीं. मालकांस एकच चिंता होती. चांगला खेळाडू दर वर्षीं अधिक पगार देणाऱ्याकडे जाई. तेव्हां १८७९ च्या सप्टेंबरांत बफलो येथें मालकांनीं आपसांत ठरविलें कीं, प्रत्येक संघानें आपले पांच खेळाडू राखून ठेवावे व त्यांना दुसऱ्या कोणीं कामावर घेऊं नये. ही कल्पना बोस्टनच्या आर्थर सोडन या मालकाची म्हणून सांगतात. १८८३ पर्यंत पांचांचे अकरा झाले, म्हणजे बहुतेक सारा संघच. खेळाडूचा करार एका हंगामाचा. पण तो संपल्यावर त्यानें जावें कोठें? जुन्या धन्याकडे, धनी देईल त्या पगारावर. नाहीं तर घरीं. मालकांचें म्हणणें असें कीं याविना धंदा बुडाला असता. धंदा बुडत होता हें खरेंच, पुष्कळ संघ दोन-तीन वर्षांत मोडत. तरीपण तोट्याची सारी वसुली खेळाडूच्या स्वातंत्र्यांतून व्हावी, हा न्याय मला पटत नाहीं.

१८८४ सालीं सेंट लुईसच्या हेन्री ल्यूकस नांवाच्या धनिकानें 'युनियन' नांवाचें नवें मंडळ काढलें व राखीव खेळाडूंचें कलम आपण मानणार नाहीं असें जाहीर केलें. खेळाडूंना एक दार उघडलें. त्या वर्षीं प्रॉव्हिडन्सचा व्यवस्थापक फ्रँक बॅन्क्रॉफ्ट याच्यापाशीं दोन पिचर होते. एक रॅडबर्न, वय एकोणतीस. दुसरा चार्ली स्वीनी, सॅन फ्रॅन्सिस्कोकडचा, विशीच्या उंबरठ्यावरचा तापट पोर. ७ जून रोजीं स्वीनीनें बोस्टनचे १९ फलंदाज चेंडूला स्पर्शहि न करूं देतां बाद केले. शहरभर स्वीनीचें नांव झालें, आणि जुना घोडा धुमसूं लागला. रॅडबर्नचा स्वभाव गोड नव्हता व दारूचें व्यसन दोघांनाहि होतें. १६ जुलैला बोस्टनशीं खेळतांना पंचाचे निर्णय व सोबत्यांच्या चुका यांनीं त्याचें डोकें फिरलें; तो आपल्याच झेल घेणाऱ्या गड्यावर बेभान चेंडू फेकूं लागला व सामना हरला. मालकांनीं त्याला बिनपगारी दूर केलें.

सहा दिवस गेले. २२ जुलैला फिलाडेल्फियाशीं सामना होता व स्वीनी पिचर होता. प्रॉव्हिडन्सच्या ६ धांवा, विरुद्ध पक्षाच्या २. बॅन्क्रॉफ्टनें त्याला थोडा विसावा देण्यासाठीं दुसऱ्या गड्याशीं जागा बदलण्यास सांगितलें. स्वीनीनें साफ नाकारलें व तो मैदान सोडून चालता झाला. नियमाप्रमाणें नवा माणूस घेतां येईना. उरलेल्या आठ जणांनीं सामना पुरा केला आणि ६ विरुद्ध १० असा गमावला. स्वीनीला बडतर्फ करण्यांत आलें. तो लागलीच सेंट लुईसला ल्यूकसकडे गेला. एक पिचर पळालेला, दुसरा घरीं बसविलेला. संघ मोडून टाकावा असा विचार संचालकांत सुरू झाला.

येथें तो करार येतो. उरलेला हंगाम आपण एकटे ओढून नेऊं, असें रॅडबर्ननें कबूल केलें. त्याच्या अटी दोन होत्या. पगार वाढवून मिळावा. आणि हंगाम संपतांच राखीव कलमांतून आपली मुक्तता व्हावी. संचालकांनीं दोन्ही मान्य केल्या. लोकांस ही गोष्ट निष्ठेची म्हणून सांगण्याची हौस आहे, कीं बुडत्या संघासाठीं रुसलेला वीर धांवून आला. मला ती तशी दिसत नाहीं. आपल्या हाताची गरज कोणास किती आहे हें ओळखण्याचा एकच दिवस त्या माणसाच्या आयुष्यांत आला, आणि त्या दिवशीं त्यानें बरोबर भाव सांगितला. त्यांत कमीपणा कोणता? धन्यांनीं आजवर भावच केला होता.

२३ जुलैपासून २४ सप्टेंबरपर्यंत, म्हणजे अजिंक्यपद निश्चित होईपर्यंत, प्रॉव्हिडन्सनें ४३ सामने खेळले. त्यांपैकीं ४० रॅडबर्ननें सुरू केले व ३६ जिंकले. त्यांत लागोपाठ १८ विजय आहेत. मागें ज्या पटाचा उल्लेख केला त्यावरील आंकड्यांपेक्षां हे आंकडे मोठे नाहींत काय? पण त्यांची दुसरी बाजू पाहा. सकाळीं उठल्यावर त्याचा उजवा हात केस विंचरण्याइतकाहि वर जात नसे. इतर खेळाडू येण्यापूर्वीं कित्येक तास तो मेसर स्ट्रीटवरील मैदानावर जाई. प्रथम कांहीं पावलांवरून हलकेच चेंडू टाकी, मग थोडें मागें सरे, पुन्हां टाकी, पुन्हां मागें सरे. दुखरा सांधा मोकळा होऊन चेंडू पुऱ्या अंतरावरून जाऊं लागला म्हणजे तो सामन्यास तयार होई. दुसऱ्या दिवशीं पुन्हां तेंच.

वर्षाअखेर हिशेब असा झाला. प्रॉव्हिडन्सचे ८४ विजय, २८ पराभव. रॅडबर्ननें ७३ सामने सुरू केले व ७३ हि स्वतःच पुरे केले. एकंदर ६७८ हून अधिक डाव टाकले, ४४१ फलंदाज चेंडू हुकवून बाद केले. विजय किती, याविषयीं मात्र दोन आंकडे छापलेले आढळतात, ५९ व ६०. वाद २८ जुलैच्या एका सामन्याचा आहे. त्या दिवशीं फिलाडेल्फिया येथें मिलर नांवाच्या पिचरनें पांच डाव टाकले व संघ पुढें असतांना तो बाजूला झाला. उरलेले चार डाव रॅडबर्ननें टाकले. त्या काळच्या हिशेबनिसानें विजय रॅडबर्नच्या नांवें मांडला. आजच्या नियमानें तो मिलरचा ठरतो. मी ५९ हा आंकडा धरतों. एका विजयानें त्याची थोरवी कमी होत नाहीं, आणि मिलर बिचाऱ्याचें जें आहे तें त्याला मिळतें. तुलनेसाठीं सांगतों. अंतर वाढल्यानंतरच्या काळांत एका हंगामांतील सर्वाधिक विजय ४१ आहेत, ते जॅक चेस्ब्रो यानें १९०४ सालीं मिळविले. आणि १९६८ सालीं डेनी मॅक्लेन यानें ३१ सामने जिंकल्यानंतर तिसाचा आंकडा कोणीहि गांठलेला नाहीं. नियम निराळे, अंतर निराळें, म्हणून ही तुलना सर्वस्वीं न्याय्य नाहीं हेंहि सांगून ठेवतों.

त्या ऑक्टोबरांत न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन या दुसऱ्या मंडळाच्या विजेत्या संघाशीं तीन सामने झाले. २३, २४ व २५ तारखांस, लागोपाठ तीन दिवस, रॅडबर्नच उभा होता. ६ विरुद्ध ०, ३ विरुद्ध १, आणि १२ विरुद्ध २. शेवटच्या दिवशीं थंडींत अगदीं मोजके प्रेक्षक आले होते.

आतां तो मोकळा झाला. संचालकांनीं शब्द पाळून मुक्ततेचा कागद त्याच्या हातीं दिला. वाटेल तेथें जावें! पण रॅडबर्ननें पुन्हां प्रॉव्हिडन्सशींच करार केला, चांगल्या पगारावर. कोणी यास निष्ठा म्हणतील. माझ्या मतें कारण अधिक साधें आहे. ज्या युनियन मंडळामुळें खेळाडूला भाव आला होता तें एका हंगामांतच मोडकळीस आलें होतें, आणि पुढच्या वर्षीं खुद्द ल्यूकस आपला संघ घेऊन नॅशनल लीगमध्यें शिरला. घेणारा दुसरा उरला नाहीं म्हणजे मुक्ततेच्या कागदाला काय अर्थ? नवा करार झाला कीं राखीव कलम पुन्हां लागू झालें. १८८५ च्या अखेरीस प्रॉव्हिडन्सचा संघच बोस्टनला विकण्यांत आला, आणि रॅडबर्न त्या व्यवहारांत बोस्टनकडे गेला. म्हणजे ज्या सोडननें तें कलम सुचविलें म्हणतात, अखेर त्याच्याच पदरीं!

बोस्टनमध्यें तो चार वर्षें खेळला. हातांतलें पूर्वीचें तेज गेलें होतें. १८८६ सालीं विजयांहून पराभव अधिक झाले. १८८८ सालीं तर अवघे सात विजय. या काळांतील एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. १८८६ च्या हंगामाच्या पहिल्या दिवशीं बोस्टन व न्यूयॉर्क या दोन्ही संघांचें एकत्र चित्र काढलें, त्यांत मागच्या रांगेंत एका कडेला रॅडबर्न उभा आहे आणि त्याच्या हाताचें मधलें बोट कॅमेऱ्याकडे उगारलेलें आहे. त्या बोटाचा पाश्चात्य देशांतील अर्थ सभ्य घरांत सांगण्यासारखा नाहीं. तें कोणाला उद्देशून होतें, हें ज्यानें त्यानें ठरवावें.

त्याच सुमारास वॉर्ड पुन्हां रंगभूमीवर येतो. १८८५ सालीं त्यानें खेळाडूंची संघटना स्थापन केली होती. १८८७ च्या आरंभीं शिकागोच्या मालकानें केली नांवाचा लोकप्रिय खेळाडू बोस्टनला १०,००० डॉलरांस विकला, आणि त्याच वर्षीं वॉर्डनें एका मासिकांत लेख लिहून विचारलें कीं, बेसबॉलचा खेळाडू म्हणजे जंगम मालमत्ता आहे काय? दास्यविमोचन होऊन पुरीं पंचवीस वर्षेंहि न झालेल्या देशांत हा प्रश्न लागण्यासारखाच होता. १८८८-८९ च्या हिंवाळ्यांत शिकागोचा मालक स्पाल्डिंग, हाहि एके काळचा नामांकित पिचर, खेळाडूंचे दोन संघ घेऊन जगाच्या सफरीवर निघाला. वॉर्ड त्यांत होता. ऑस्ट्रेलिया, कोलंबो, इजिप्तचे पिरॅमिड, असे ते खेळत गेले. मुंबई त्यांच्या वाटेंत आली नाहीं. इकडे नेता परदेशीं असतांना मालकांनीं खेळाडूंचे पांच वर्ग पाडून पगारास २,५०० डॉलरांची मर्यादा घातली. संतापलेल्या खेळाडूंनीं १८९० सालीं आपलें स्वतंत्र मंडळ काढलें. पस्तिशीच्या रॅडबर्ननें सोडनला सोडलें व तो बोस्टनच्याच नव्या संघांत गेला. दुखऱ्या हातानें त्यानें २७ सामने जिंकले, हरला केवळ १२, आणि त्याचा संघ त्या मंडळांत पहिला आला. मंडळ मात्र एका वर्षांत बुडालें. पैसे घालणाऱ्यांनीं जुन्या मालकांशीं समेट केला. राखीव कलम त्यानंतर पाऊणशें वर्षांहून अधिक काळ टिकलें. १९२२ व १९७२ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढें या धंद्याचे खटले गेले, तरी मालकांचेंच राहिलें. शेवटीं २३ डिसेंबर १९७५ रोजीं एका लवादाच्या निकालानें तें मोडलें. ज्या दोघां खेळाडूंनीं ती दाद मागितली, ते मेसरस्मिथ व मॅकनॅली, दोघेहि पिचरच होते.

रॅडबर्ननें आपला शेवटचा हंगाम १८९१ सालीं सिनसिनाटीकडून पुरा-अपुरा खेळला. एकंदर विजय ३०९. मग ब्लूमिंग्टनला परत जाऊन त्यानें दारूचा गुत्ता व बिलियर्डची खोली चालविली. लोक त्याला पाहण्यास येत. १८९४ सालीं शिकारीस गेला असतां बंदुकीचा बार अपघातानें उडून त्याच्या तोंडावर बसला. डावा डोळा गेला, चेहरा विद्रूप झाला. तेव्हांपासून तो दुकानाच्या मागील अंधाऱ्या खोलींत बसून राही व येणाऱ्यांच्या नजरेस पडणें टाळी. रोगानें शरीर पोखरलें होतेंच. ५ फेब्रुवारी १८९७ रोजीं तो ब्लूमिंग्टन येथें वारला. त्या वेळीं त्याचें वय ४२ वर्षांचें होतें.